राय मारायचा दिवस: फूड प्लॉटवाल्या नवख्यांसाठी

अमेरिकेत येऊन पाच-सात वर्षं झाली, घर झालं, की आपल्यातल्या काहींना जमिनीची खाज सुटते. गावाकडची शेती चुलत्यांच्या ताब्यात, पण बांधाबांधाने फिरायची सवय अंगातून जात नाही, मग विस्कॉन्सिनच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या डोंगरांत थोडं जंगल थोडा माळ असा तुकडा मिळाला की माणूस जुने ट्रॅक्टर बघायला लागतो. शेजारी सांगतात फूड प्लॉट कर. म्हणजे हरणं, टर्की यांना खायला म्हणून अर्धा-एक एकर पेरून ठेवायचं (एकर म्हणजे आपले ४० गुंठे, तोच हिशोब), कापणी नाही, विक्री नाही. मला बंदुकीत रस नाही, मी नुसता बघतो, शिकारीच्या दिवसांत शेजाऱ्यांना बसू देतो. आणि पहिलं पीक कुठलं तर हमखास राय (आपली राई नव्हे, गव्हासारखं एक धान्य), कारण ती सप्टेंबरात नुसती फोकली तरी उगवते, बर्फाखाली जगते आणि एप्रिलमध्ये सगळं रान तपकिरी असताना हिरवीगार असते. पेरायचं कसं ते कुणीही शिकवतं. मे महिन्यात ती छातीला लागली की पुढच्या पिकाला जागा करायला ती कधी आणि कशी मारायची हे मात्र धड कुणी सांगत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. माझा लागोपाठ दोन वर्षं झाला म्हणून हे लिहितोय.

आधी पिशवी बघा

राय नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक सिरियल राय, हिलाच विंटर राय किंवा ग्रेन राय म्हणतात, ही गव्हाची चुलत बहीण, दाणा गव्हासारखाच पण थोडा लांबट आणि करडा-हिरवट. दुसरं रायग्रास, हे खरंखुरं गवत, बी बारीक हलकं, पान खालून तेल लावल्यासारखं चमकतं. खाली जे सांगणार आहे ते फक्त पहिलीला लागू. रायग्रास मारायला चिवट, काही ठिकाणी तर तणनाशकालाही दाद देत नाही. पिशवी फेकून दिली असेल आणि शंका असेल तर पान उलटं करून बघा.

राय किती वयाची झाली ते ओळखा

कॅलेंडर बघून राय मारू नका. तिची अवस्था बघून मारा. ज्यांनी गहू-ज्वारी जवळून बघितलीय त्यांना हे पाच मिनिटांत कळेल, शब्दही आपलेच चालतात.

बर्फ गेला की फुटवे, घोट्याएवढी, हरणं खातात ती हीच. मग कांडी धरते, बुंध्याजवळ चिमटीत धरून बोट वर सरकवलं की गाठ लागते, आणि इथून ती बघता बघता वाढते, शनिवारी गुडघ्याला असलेली पुढच्या शनिवारी मांडीला. मग पोटरीत येते, वरच्या पानाचं आवरण फुगलेलं दिसतं, नखाने उभं चिरलं तर आत कोवळी ओंबी झोपलेली असते. मग निसवते, म्हणजे ओंबी बाहेर पडते. निसवली म्हणजे फुलली असं नाही! मधे आठवडा-दहा दिवस जातात, थंडी पडली तर जास्तच, आणि माझं दुसऱ्या वर्षीचं सगळं नुकसान या आठ-दहा दिवसांत झालं. फुलली हे कसं कळतं तर ओंबीच्या दोन्ही बाजूंनी पिवळसर बारीक तुरे लोंबायला लागतात आणि सकाळी दव सुकल्यावर ओंबीला टिचकी मारली की पिवळा धुरळा उडतो. मी एकदा काळा टीशर्ट घालून आत शिरलो आणि हळदीला बसवल्यासारखा बाहेर आलो. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मास्क लावा, मस्करी नाही.

त्यानंतर दाण्यात चीक भरतो, मग हुरडा. हुरड्याच्या पुढे गेली की बी तयार व्हायला लागतं, मग तुम्ही तिला कितीही आडवी पाडा, ती पुढच्या हंगामात सगळीकडे उगवणार. शेतकऱ्याला हे नको असतं, फूड प्लॉटवाल्याला एवढं वाईट नाही, फुकटचं बियाणंच ते, पण कुठे उगवेल ते तुमच्या हातात राहत नाही.

आमच्याकडे फुलोरा मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा. दक्षिणेत जॉर्जिया-अलाबामाकडे हे कितीतरी आधी येतं.

पुढे काय पेरणार ते आधी ठरवा

राय कशी मारायची हे रायवर कमी आणि पुढच्या पिकावर जास्त अवलंबून असतं. आपल्या डोक्यात हिरवळीचं खत म्हणजे ताग किंवा धैंचा, फुलायच्या सुमारास गाडला की जमिनीला नत्र मिळतं, झालं. मीही हेच धरून चाललो होतो. पण ताग शेंगवर्गीय, राय गवतवर्गीय, हिच्या मुळांवर नत्राच्या गाठी नसतात. उलट हिची काडी कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. कोवळ्या पाल्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २६ ला १ असतं, फुलोऱ्यात ते ३७ ला १ होतं, आणि पिकून वाळलेल्या काडात ८२ ला १. म्हणजे जितकं थांबाल तितकं आच्छादन चांगलं टिकतं पण पुढचं पीक तितकं पिवळं पडायची भीती.

म्हणून मका लावायचा असेल तर फुलोऱ्यापर्यंत थांबू नका, राय वीतभर-हातभर असतानाच पेरणीच्या दोनेक आठवडे आधी मारा आणि वरून नत्र द्या. खरं तर नवख्याने मक्याच्या नादी लागूच नये. सोयाबीन असेल तर बिनधास्त थांबा, ते आपलं नत्र आपण कमावतं. पण सोयाबीनचा प्लॉट एक-दोन एकरांपेक्षा लहान असेल तर हरणं दुसऱ्या-तिसऱ्या पानालाच साफ करतात, करंटाचं कुंपण नसेल तर बियाण्याचे पैसे पाण्यात. माझ्या मते अर्ध्या एकरात सगळ्यात सोपं म्हणजे बकव्हीट, म्हणजे आपला उपवासाचा कुट्टू हो, तोच. महिनाभरात पांढरा फुलतो, मधमाश्या येतात, हरणं अधूनमधून तोंड मारतात, आणि जुलै अखेरीस नुसता रोलर फिरवला तरी मरतो. मग त्याच्यात सलगम, मुळा, रेप असलं मोहरीच्या घराण्यातलं काहीतरी फोकायचं.

आणि एक, वसंत कोरडा असेल तर हे सगळं विसरा आणि लवकर मारा. उंच वाढलेली राय जमिनीतलं पाणी बोअरवेलसारखी ओढते, वाफसा पार जातो, आणि मग तुमचा कुट्टू धुळीत पडतो.

फवारून मारायची तर

बहुतेक लोक हेच करतात, ग्लायफोसेट नावाचं तणनाशक वापरून. यावर वाद आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था तसं मानत नाही, तुम्ही तुमचं ठरवा. वापरणार असाल तर हातमोजे, चष्मा, लांब बाह्या, गमबूट. गावाकडे उघड्या पायाने फवारणाऱ्यांची नक्कल इथे करू नका. आणि लेबलवर जे छापलंय तो इथे कायदा आहे, माझा आकडा आणि लेबलचा आकडा वेगळा निघाला तर लेबल खरं.

वेळ: पोटरीत यायच्या आधी उत्तम, फुलोरा झाल्यावरही मरते, मधल्या दिवसांत जरा अडून बसते. दिवसा ६० अंश फॅरनहाइटच्या वर, रात्री ४० च्या खाली जाणार नाही असे दोन-तीन दिवस सलग बघा, कारण थंडीत पान औषध पीतच नाही. वारा हलका हवा. अगदी पान हलत नाही अशी शांत संध्याकाळ मोहात पाडते, पण तेव्हा बारीक थेंब हवेत तरंगत राहून शेजाऱ्याच्या द्राक्षांवर जातात, ती वेळ टाळा.

आता मोजमाप, नवखे इथेच चुकतात, "अंदाजे दोन झाकणं" टाकतात. साडेअठरा फूट बाय साडेअठरा फूट असा चौकोन काठ्या लावून आखा. पंपात साधं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने तो चौकोन फवारा, किती सेकंद लागले बघा. मग तेवढेच सेकंद नोझल एका मापाच्या भांड्यात सोडा. जितके औंस पाणी जमलं तितके गॅलन तुमचा पंप एकरी टाकतो, सरळ हिशोब, कारण तो चौकोन एकराचा १२८ वा भाग आहे आणि गॅलनमध्ये औंसही १२८ च असतात. माझे ३० औंस आले. म्हणजे एकरी ३० गॅलन. माझा पाठीवरचा पंप ४ गॅलनचा, तो साधारण सव्वापाच गुंठ्यांना पुरतो. आता ४१ टक्केवालं साधं ग्लायफोसेट एकरी १ क्वार्ट म्हणजे ३२ औंस टाकायचं धरलं तर एका पंपाला सव्वाचार औंस. वाढलेली, जाडजूड राय असेल तर मात्रा वाढते, परत लेबल.

पाणी स्वच्छ घ्या. तळ्यातलं गढूळ पाणी चालत नाही, हे औषध मातीच्या कणांना चिकटतं आणि तिथेच निकामी होतं. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी चुनखडीतून येतं, चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, असलं जड पाणीही औषधाला धरून ठेवतं. त्यावर उपाय म्हणजे अमोनियम सल्फेट, हो, तेच आपलं खत, फक्त फवारणीसाठी मिळतं ते स्वच्छ दाण्याचं घ्या. १०० गॅलनला साडेआठ ते सतरा पौंड, म्हणजे ४ गॅलनच्या पंपाला दीडशे ते तीनशे ग्रॅम. आधी हे विरघळवा, मग औषध. आणि मिश्रण कधीही पत्र्याच्या, जस्त लावलेल्या बादलीत करू नका, हायड्रोजन तयार होतो, तो पेट घेऊ शकतो. प्लास्टिकची बादली बरी.

फवारल्यावर तीन-चार दिवस काहीच दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन परत फवारू नका. आठवड्याने टोकं पिवळी पडतात, दोन आठवड्यांत काडी वाळते, गारठा असला तर त्याहून उशिरा.

आडवी पाडून मारायची तर

मला स्वतःला ही पद्धत आवडते. रोलर-क्रिंपर म्हणजे पोकळ लोखंडी पिंप, त्यावर इंग्रजी व्ही आकारात बसवलेल्या बोथट पट्ट्या. बोथट हे महत्त्वाचं. काडी कापायची नसते, ठिकठिकाणी चेचायची असते, म्हणजे रस वर चढत नाही आणि ती मुळाला धरून पडल्या जागी वाळते. कापली तर खालून परत फुटते. ही कल्पना दक्षिण ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी रुळवली, आणि ट्रॅक्टरच्या पुढे लावायचं डिझाइन पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल इन्स्टिट्यूटमध्ये जेफ मोयर आणि मंडळींनी बसवलं, पुढे अशासाठी की मागे त्याच फेरीत पेरणी यंत्र लावता येतं.

दुसऱ्या वर्षी मी निसवलेली राय बघून खूश झालो आणि शेजारच्या आजोबांचा रोलर आणून फिरवला. संध्याकाळी काय सुंदर दिसत होतं, गालिचा अंथरल्यासारखं. चार दिवसांनी गेलो तर अर्धी राय मान वर करून उभी, वाकलेली कोपरं घेऊन. आजोबा गाडीतूनच म्हणाले, "धूर निघाला होता का?" मला वाटलं ट्रॅक्टरबद्दल विचारतायत. ते परागाबद्दल विचारत होते.

तर धूर निघाल्याशिवाय रोलर नाही. पाऊण प्लॉट फुललेला असला पाहिजे, कडेच्या चार ओंब्या बघून ठरवू नका, आत पाच-सहा ठिकाणी टिचक्या मारा, सावलीकडची बाजू नेहमी मागे असते. पिंपात पाणी भरून वजन वाढवा. फिरवल्यावर दहा पावलं चालून एक काडी उचला, वीतभर अंतरावर चेचलेली दिसली पाहिजे. नुसती झोपली असेल आणि चेचली नसेल तर वजन कमी पडतंय किंवा जमीन फार मऊ आहे, एक दिवस थांबा. आठवड्याने परत एक फेरी मारली तर उरलीसुरलीही जाते.

क्रिंपर नसेल तर? पाच-दहा गुंठ्यांसाठी लाकडी फळी घ्या, खाली लोखंडी अँगल ठोका, दोन्ही टोकांना दोरी बांधून हातात धरा आणि पाय देत देत पुढे जा. गंमत वाटेल पण होतं, मी केलंय, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही एवढंच. ढेकळं दाबायचा कल्टिपॅकर राय झोपवतो पण नीट चेचत नाही, त्याच्यासोबत फवारणी लागते.

या पद्धतीचा खरा फायदा तण दबण्यात आहे आणि त्यासाठी राय भरपूर हवी, एकरी ८,००० पौंडांच्या आसपास सुका माल. कसं मोजणार? एक फूट बाय एक फूट चौकटीतली राय बुडातून कापा, कडकडीत वाळवा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा (घरच्यांची नजर चुकवून). ८० ग्रॅमच्या वर गेली तर मस्त. ४०-५० असेल तर गालिच्याला भोकं पडणार आणि त्यातून तण येणार, मग पुढच्या सप्टेंबरात बियाणं वाढवा. हरणांपुरती एकरी ५०-६० पौंड पुरते, पण तणासाठी हवी असेल तर दोन बुशेल, म्हणजे ११२ पौंड, घाला.

बी कधी टाकायचं? कुट्टू उभ्या रायमध्येच आधी फोकायचा, एकरी ६० पौंडांच्या आसपास, आणि मग वरून रोलर. पुढच्या दोन दिवसांत पाऊस असेल तो मुहूर्त. सोयाबीन मात्र असं वरून टाकू नका, टर्की रांगेत येऊन खातात. त्याला नो-टिल ड्रिल, म्हणजे नांगरट न करता पेरणारं यंत्र पाहिजे, बऱ्याच काउंटींची (म्हणजे जिल्ह्यांची) जमीन-पाणी संधारण ऑफिसं ती एकरावर भाड्याने देतात, फेब्रुवारीतच नंबर लावा. ड्रिल राय ज्या दिशेला पाडली त्याच दिशेने चालवायची, आडवी चालवली की काडं पात्यात अडकून गोळे होतात.

कापून किंवा नांगरून

पहिल्या वर्षी मी मे महिन्याच्या मध्यात कंबरेएवढी राय मोअरने, म्हणजे गवत कापायच्या यंत्राने कापली. दोन आठवड्यांत परत गुडघ्याला. कांडी-पोटरीत कापली की ती फुटवे काढते, लॉनसारखी. फुलोऱ्यानंतर कापली तर मरते, पण कुट्टी होऊन ढिगाढिगात पडते आणि लवकर कुजते, गालिचा होत नाही. एका ठिकाणी मात्र मोअरच बरा: रायखाली क्लोव्हर (तीन पानांचं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक) पेरलेलं असेल तर. तिथे ग्लायफोसेट मारलं तर क्लोव्हरही जाईल, म्हणून राय फुलल्यावर पातं सहा-आठ इंच वर ठेवून कापा, क्लोव्हरला ऊन मिळालं की ते उसळी मारतं.

रोटाव्हेटर घालायचा तर राय वीतभर असतानाच, उंच राय शाफ्टला अशी गुंडाळते की दुपारभर विळा घेऊन सोडवत बसावं लागतं. उतारावर तर घालूच नका, जूनच्या एका वळवाने माती नाल्यात. गाडल्यावर बारीक बियाणं लगेच पेरू नका, कुजणाऱ्या रायमधून असे रस सुटतात की बारीक बी उगवायला कुरकुर करतं, दोन आठवडे जाऊ द्या. मोठ्या बियांना एवढा फरक पडत नाही.

यंत्र आत घालण्याआधी चालून या

हे मी शेवटी लिहितोय पण त्या दिवशी सगळ्यात आधी करायचं. राय फुलते नेमकी तेव्हाच हरणी वितात. पहिले काही दिवस पाडस आईमागे पळत नाही, जिथे ठेवलं तिथे निपचित पडून राहतं, ट्रॅक्टर अंगावर आला तरी हलत नाही, तीच त्याची युक्ती. मागच्या वर्षी मी काठीने राय बाजूला करत चाललो होतो आणि पायापासून हातभर अंतरावर पांढरे ठिपके दिसले. कान मागे चिकटवलेले, डोळा उघडा, श्वास तेवढा दिसत होता. हात लावला नाही, आलो तसा मागे गेलो आणि त्याच्याभोवतीचा पाच-सहा गुंठ्यांचा पट्टा तसाच सोडला. तो पट्टा पुढे हुरड्याला आला, पिकला, सांडला, आणि ऑगस्टमध्ये टर्कीची पिल्लं तिथेच दाणे टिपत होती.

टर्कीची घरटीही जमिनीवरच असतात आणि मादी २८ दिवस अंडी उबवते, ती एकदम पायातून उडाली तर तिथे खूण करून वळसा घाला. यंत्र मध्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला फिरत या. कडेकडून आत गेलात तर जे काही आत आहे ते मधे कोंडतं.

राय मेल्यावर पुढचे तीन आठवडे अधूनमधून काडं उचलून खाली बघत जा. ओलसर वर्षी गोगलगायी असतात, आणि राय हे लष्करी अळीच्या पतंगांचं अंडी घालायचं आवडतं ठिकाण आहे (आपल्याकडे मक्यावर येते तिची चुलत बहीण), कोवळी पानं कडेने कुरतडलेली दिसली की संध्याकाळी टॉर्च घेऊन जा, दिवसा त्या काडाखाली लपलेल्या असतात. उभ्या राहिलेल्या ओंब्यांत दाण्याच्या जागी जांभळट-काळं शिंगासारखं काही दिसलं तर तो अरगट नावाचा बुरशीचा रोग, बाजरीवर येतो त्याचा भाऊबंद, असल्या ओंब्यांचं बी पुढच्या वर्षासाठी झोडपून ठेवू नका, नवीन पिशवी आणा.